कायदा धरत नाही, वाचवतही नाही



ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत एक कायदा झाला. २० तारखेला लोकसभेत मंजूर, २१ तारखेला राज्यसभेत, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही. शेतकऱ्याच्या एखाद्या प्रश्नावर शासनाने तीन दिवसांत एवढी धावपळ केल्याचे कोणाला आठवत असेल तर त्याने जिल्हा मेळाव्यात उभे राहून सांगावे. कायदा आहे मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या बंदीचा. पोकर, रमी, क्रिकेटचे कागदी संघ, सगळे एका दावणीला बांधले. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा प्रश्नच कायद्याने निकाली काढला.

खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाख. पैशाची ने-आण करून देणाऱ्याला पुन्हा ३ वर्षे आणि १ कोटी. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो गुन्हेगार नव्हे, बळी आहे, असे सरकारने सांगितले.

गावापर्यंत यातले शेवटचे वाक्य तेवढे पोचले. "खेळणाऱ्याला काही होत नाही." आयडी वाटत फिरणारे दलाल हेच वाक्य पोरांच्या कानात सांगतात. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य फार महागात पडते. कायदा खेळणाऱ्याला धरत नाही, हे खरे. पण धरत नाही म्हणजे वाचवतो, असे नाही. बुडालेला पैसा कायदा परत आणत नाही, गोठलेले खाते उघडून देत नाही, सावकाराचा तगादा थांबवत नाही.

खेळ आणि नाल

पोकर हा आपल्या तीन पत्तीचा विलायती चुलतभाऊ. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडे पडतात आणि प्रत्येक टप्प्याला बोली वाढत जाते. ज्याचा पाच पत्त्यांचा मेळ भारी किंवा ज्याने बाकीच्यांना घाबरवून पत्ते टाकायला लावले, त्याचा डाव. मोबाइलवर समोरचे पाच-सहा गडी दिसत नाहीत. दिसतात ती त्यांची टोपणनावे.

अड्ड्यावर मालक खेळत नाही, डावामागे नाल काढतो. मोबाइलवरची कंपनीही तेच करते. आपण शेतकरी, आपल्याला हिशेब कळतो. सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ६,००० रुपये आले. एका डावात सरासरी २०० रुपये जमतात आणि कंपनी ५ टक्के नाल काढते असे धरू. म्हणजे डावाला १० रुपये. मोबाइलवर पत्ते पिसायला वेळ लागत नाही, तासाला ६० डाव सहज होतात. तासाला ६०० रुपये गेले. याच चालीने दहा तासांत टेबलावरचे सगळे ६,००० रुपये कंपनीच्या घरात जातात. मधल्या वेळात कोणी कोणाला हरवले, कोण हसले, कोण रडले, याने हिशेबात काही फरक पडत नाही. टेबल चालू राहते ते नवा माणूस नवे पैसे घेऊन बसतो म्हणून.

बाजार समितीत हमाली, तोलाई, अडत कापली जाते म्हणून आपण भांडतो. पण तिथे निदान माल उभा असतो. इथे मालच नाही, नुसती कापणी आहे.

त्यावर शासनाचा वाटा वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. १०० रुपये भरले की त्यातले जवळपास २२ कराचे. ग्राहक पळू नये म्हणून कंपन्या ती तूट बोनसच्या नावाने भरून दाखवत. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के प्राप्तिकर कापायचा नियम आला. याच खेळांनी ४५ कोटी लोकांचे वर्षाला २०,००० कोटी रुपये बुडतात, असा अंदाज सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. म्हणजे पोर बुडत होते तोवर शासन काठावर बसून आपला वाटा मोजत होते. गंमत अशी की ऑगस्टमध्ये ज्या धंद्याला बंदी केली त्याच्यावरच्या कराचा दर सप्टेंबरमध्ये ४० टक्क्यांवर नेला.

कौशल्य आहे, पण कोणाचे?

पोकर कौशल्याचा खेळ आहे, हे कंपन्यांचे जुने पालुपद. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, इंग्रजाच्या वेळचा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य लागते असे म्हटले आणि त्या खुंटीवर पुढच्या सगळ्या कंपन्यांनी आपापले पागोटे टांगले. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचे एकमत कधी झालेच नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगार ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर कौशल्याचे खेळ ठरवले. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या फलाटाच्या एका टोकाला खेळ आणि दुसऱ्या टोकाला गुन्हा, अशी अवस्था वर्षानुवर्षे चालली. नव्या कायद्याविरुद्धच्या याचिकाही वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे घेतल्या.

वकिलांचा वाद वकिलांनी घालावा. पोकरमध्ये कौशल्य आहे हे मी मान्य करतो. शंभर डाव खेळले तर नशीब जिंकते, लाख डाव खेळले तर जाणकार जिंकतो. पण मग दिवसभर वखर हाकून रात्री अंगणात मोबाइल उघडणाऱ्या पोराचे काय? समोर चार-चार टेबले एकदम खेळणारा, प्रत्येक डावाची नोंद संगणकावर ठेवणारा बसलेला आहे. कधी दोघे-तिघे फोनवर संगनमत करून एकाला कापतात. कधी समोर माणूसच नसतो, संगणकाचा प्रोग्राम खेळत असतो. कौशल्य आहे, पण ते तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे तो पैसा. नशिबाच्या खेळात अडाण्यालाही निदान सारखी संधी असते. कौशल्याच्या खेळात तीही नाही.

मोबाइलवरचा हा खेळ किती वरपर्यंत पोचला ते राज्याने पाहिले आहे. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा खेळ दिसत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात काढून टाकत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तो खरा मानू. मग विधिमंडळात बसलेल्या कृषिमंत्र्याच्या हातापर्यंत जी जाहिरात पोचते, ती शेतकऱ्याच्या पोराला सोडेल का? महिना संपता संपता त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते क्रीडा खाते.

अमेरिकेत काय झाले

"खेळणाऱ्याला काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा दाखला नीट ऐकावा. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे कायदा झाला. तोही खेळणाऱ्याला हात लावणारा नव्हता, जुगाराच्या पैशाची ने-आण रोखणारा होता. काही कंपन्या निघून गेल्या. पोकरस्टार्स, फुल टिल्ट पोकर आणि अॅब्सोल्यूट पोकर राहिल्या. बँकांनी नकार दिला तेव्हा त्यांच्या पैशाच्या दलालांनी दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणारी खोटी दुकाने कागदावर उभी केली आणि पत्त्यांचा पैसा मालाचा म्हणून फिरवला, असा आरोप पुढे सरकारी वकिलांनी ठेवला.

१५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ११ जणांवर आरोपपत्र जाहीर केले. कंपन्यांचे इंटरनेटवरचे पत्ते ताब्यात घेतले, पैसे फिरवणारी खाती गोठवली. एकाही खेळणाऱ्यावर गुन्हा नाही. पण लाखो खेळणाऱ्यांची शिल्लक आत अडकली.

आता शिल्लक कुठे होती ते ऐका. फुल टिल्टच्या पडद्यावर प्रत्येकाला आपली रक्कम दिसत होती. सगळ्या जगातल्या खेळणाऱ्यांचे देणे होते सुमारे ३९ कोटी डॉलर. बँकेत होते सुमारे ६ कोटी. आणि चार वर्षांत मालकांनी व संचालकांनी आपसात वाटून घेतले होते ४४ कोटींच्या आसपास. पडद्यावरचा आकडा हा पैसा नव्हता, नुसता आकडा होता. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली, फुल टिल्ट ताब्यात घेतली आणि बाहेरच्या देशांतल्या खेळणाऱ्यांचे पैसे चुकवले. अमेरिकेतल्या खेळणाऱ्यांना पहिला हप्ता मिळाला फेब्रुवारी २०१४ मध्ये, जवळपास तीन वर्षांनी. अॅब्सोल्यूट पोकरच्या गिऱ्हाइकांना २०१७ उजाडले.

याच अॅब्सोल्यूट पोकरमध्ये आणि तिच्या अल्टिमेट बेट या जोडकंपनीत २००७-०८ मध्ये उघड झाले होते की आतल्या माणसांच्या काही खात्यांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते. ही लबाडी पकडली कोणी? पोलिसांनी नाही, तपासनिसांनी नाही. हरणाऱ्यांनीच डावांच्या नोंदी चाळून पकडली.

अमेरिकेत दंड भरू शकणारी श्रीमंत कंपनी हाती लागली, न्यायालयाने अर्ज मागवले, म्हणून पैसे परत मिळाले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ नंतर मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे डाव थांबवले आणि शिल्लक काढून घ्यायची मुभा ठेवली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण परदेशातून चालणाऱ्या, नाव रोज बदलणाऱ्या, दलालाच्या फोनवर आयडी मिळणाऱ्या अड्ड्याने पैसे बुडवले तर अर्ज कोणाकडे करणार? दिवाणी दाव्याची आशा ठेवू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच शून्य आहे. जिंकलेली रक्कम वसूल करून द्यायला न्यायालय बांधलेले नाही. हरलात तर पैसा गेला, आणि जिंकलात तरी हक्क नाही.

पासबुक भाड्याने देऊ नका

आता आपल्या दारातली गोष्ट. अड्ड्यावरच्या पैशाला बँकेतून वाट लागते. ती वाट म्हणजे गरिबाचे खाते. महादेव बुक नावाच्या जाळ्याचे प्रकरण २०२३ मध्ये गाजले. मूळ भिलाईचे, म्हणजे विदर्भाच्या शेजारचे, आणि चालायचे दुबईहून. पोकरपासून क्रिकेटपर्यंत सगळ्यांवर तिथे पैसे लागत. गावोगावच्या माणसांना ७०-३० च्या वाट्याने 'पॅनेल' दिले जाई आणि पैसा दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून फिरवला जाई, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे.

दलाल पोराला सांगतो, "तुझे पासबुक, एटीएम आणि सिम महिनाभर दे, चार पैसे घे." पोराला वाटते, आपण तर खेळतही नाही. पण नवा कायदा नीट वाचा. पैशाची ने-आण करणाऱ्यांत बँका आहेत, वित्तसंस्था आहेत आणि 'इतर कोणतीही व्यक्ती'ही आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खेळणारा बळी ठरेल, पण पासबुक देणारा पोरगा आरोपी ठरू शकतो. दुबईतला मालक पोलिसांना सापडायला वर्षे लागतात. खात्यावरचा नाव-पत्ता सापडायला एक दुपार पुरते.

नुसत्या खेळणाऱ्याचीही सुटका नाही. अड्डा जिंकलेले पैसे पाठवतो ते अशाच भाड्याच्या खात्यातून. त्या खात्यात दुसऱ्या राज्यातल्या कोणा फसवलेल्या म्हाताऱ्याचे पैसे आलेले असतात. तो १९३० वर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्यात जातात आणि साखळीतली खाती गोठतात. त्यात तुमचेही येते. त्याच खात्यात सीसीआयने घेतलेल्या कापसाचे पैसे येणार असतात, पीकविम्याची भरपाई येणार असते, अनुदान येणार असते. २,००० रुपये जिंकले म्हणून कोणी दाराशी बेड्या घेऊन येणार नाही. पण ऐन मृगात बियाण्याला पैसे काढायला गेलात की खाते बंद आहे असे कळेल. ते उघडायला परक्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागेल. पेरणी पत्रव्यवहारासाठी थांबत नाही.

शेती जुगार नाही

एक वाक्य या दलालांना आपणच पुरवले आहे. "शेती म्हणजे पावसाशी जुगार." पुढारी भाषणात म्हणतात, आपण टाळ्या देतो. दलाल तेच उलटे फिरवतो. "काका, तुम्ही तर दर वर्षी जुगार खेळता, मग या पत्त्यांना का भिता?"

मी शेतीशास्त्र शिकलो आहे आणि या वाक्याला माझा विरोध आहे. ज्वारीचा एक दाणा पेरला तर कणीस येते आणि कणसात शेकड्यांनी दाणे भरतात. पाऊस दगा देतो, बोंडअळी पडते, भाव पडतो. ही जोखीम आहे, आणि ती निसर्गाची व बाजाराची आहे. पण पिकलेले पीक कोणाच्या खिशातून काढलेले नसते. पत्त्यांच्या टेबलावर नवा एक दाणा निर्माण होत नाही. एकाचे जाते तेच दुसऱ्याला मिळते, तेही नाल कापून. जोखीम शेतकऱ्याच्या वाट्याला येते, जुगार कोणीतरी बसून रचलेला असतो.

आणि कापूस पिकवणाऱ्याला हे कोणी वेगळे शिकवायला नको. ज्या मटक्याने आपल्या बापजाद्यांचे संसार बुडवले त्याची सुरुवात कापसातूनच झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, त्यांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा लागे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले. सट्टा थांबला का? नाही. मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचेच नाव मटका पडले. कापूस गेला, आकडा राहिला. बंदी तेव्हाही होती. म्हणून म्हणतो, मोबाइलवरचे मोठे नाव बंद झाले तरी दहा छोटी नावे उगवतील. नुसत्या बंदीवर विसंबून झोपू नका.

काही कार्यकर्ते विचारतील, शासनाने लोकांच्या खिशात नाक खुपसू नये असे आपण म्हणतो, मग सज्ञान माणूस स्वतःचा पैसा उधळत असेल तर आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे. मोकळा व्यवहार तेव्हाच, जेव्हा दोघांना माल दिसतो, माप दिसते आणि फसवणूक झाली तर दाद मागता येते. इथे समोरचा दिसत नाही, नाल दिसत नाही, दाद मागायला जागा नाही. त्याला व्यवहाराचे स्वातंत्र्य म्हणत नाहीत. आणि शासनाकडून मी खिसे तपासण्याची मागणी करत नाही. उलट, लिंबाखाली बावन्न पत्ते घेऊन बसलेल्या चौघांवर १८८७ च्या कायद्याने छापा घालणे सोपे आहे, म्हणून तेवढेच करून आकडेवारी भरू नका, असे सांगतो.

जिल्हा मेळाव्यापुढे ठराव

पुढील ठराव प्रत्येक तालुक्याने चर्चा करून जिल्ह्याला कळवावेत.

१. आपल्या गावातला कोणीही आपले पासबुक, एटीएम, सिम किंवा आधार कोणाला भाड्याने वा मैत्रीने देणार नाही. दिले असेल तर आजच बँकेला लेखी कळवून खाते बंद करावे. हे ग्रामसभेत वाचून दाखवावे.

२. पैसे बुडालेला माणूस तक्रार घेऊन आला तर पोलिसांनी त्याला हसून परत पाठवू नये. सरकार त्याला बळी म्हणते, तर ठाण्यातही बळी म्हणूनच त्याचा जबाब घ्यावा. फसवणूक कळताच त्याच दिवशी १९३० वर नोंद करावी. उशीर झाला की पैसा पुढे सरकतो.

३. खाते गोठवायचे तर वादातली रक्कम तेवढी गोठवावी. पीककर्ज, पीकविमा आणि विकलेल्या मालाचे पैसे अडवू नयेत. कारण आणि तपास अधिकाऱ्याचे नाव खातेदाराला मराठीत लेखी द्यावे.

४. अड्ड्यांकडून जप्त झालेला पैसा आधी खेळणाऱ्यांच्या घरी जावा, उरला तर तिजोरीत. अमेरिकेत अर्ज मागवून देता आला, तर इथेही देता येईल. आजवर वसूल केलेला कर शासनाने ठेवून घेतला आहे. निदान जप्तीचा पैसा तरी त्याने ठेवून घेऊ नये.

५. ज्याने या खेळांची जाहिरात केली, तो नट असो, खेळाडू असो की पुढारी, त्याला आपल्या व्यासपीठावर जागा नाही.

आणि एक विनंती मायबहिणींना. घरातला माणूस रात्री उशिरापर्यंत मोबाइल उलटा धरून बसत असेल, बियाण्यासाठी ठेवलेले पैसे कमी भरत असतील, तर भांडणाच्या आधी पासबुक भरून आणा. ते समोर ठेवून हिशेब मागा. गेलेला पैसा कबूल करायला माणसाला लाज वाटते आणि त्या लाजेवरच दलालाचा पुढचा महिना चालतो. घरात हिशेब उघडा झाला तर निदान सावकाराकडे जाणारी दुसरी फेरी थांबेल. मेळाव्याला येताना असे बंद पडलेले खाते, बुडालेली रक्कम, दलालाने दिलेला नंबर, जे काही असेल ते लिहून आणा. नावे जाहीर होणार नाहीत. यादी मात्र जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.